टॉवेलाखालची बोटं आणि शालनचं इंग्रजी

जत सोडलं तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. स्टँडवर सांगलीची एसटी लागली होती आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, गाडीच्या सावलीत उभे होते. आव्वा, म्हणजे माझी आई, घरातूनच मागं वळली. उंबऱ्यात उभी राहून एवढंच म्हणाली, "जा, पर तोंडाला दार लाव. तुझं तोंडच तुला उपाशी ठेवंल." आप्पा काहीच बोलत नव्हते. त्यांचा जन्म मेंढरांच्या बाजारात गेलेला. महत्त्वाचं काही असलं की त्यांचं तोंड बंद व्हायचं आणि हात पुढं यायचा. त्या दिवशीही त्यांनी हात पुढं केला, माझा हात धरला आणि खांद्यावरचा टॉवेल काढून दोघांच्या हातांवर टाकला.

आमच्याकडचा बाजार ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. माडग्याळी मेंढीचा भाव आम्ही तोंडानं करत नव्हतो. घेणारा आणि देणारा टॉवेलाखाली हात धरायचे. एक बोट समोरच्याच्या मुठीत दिलं की एक, पंजा दिला की पाच. शेकडा की हजार, ते मेंढराकडं बघून दोघांनाही कळायचं. भाव पटला नाही तर समोरच्याचं बोट हळूच मागं दुमडायचं. पटला तर तळव्यावर अंगठा दाबायचा, की सौदा पक्का. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही.

मी आप्पांच्या मुठीत एक बोट दिलं. एक वर्ष. वर्षानं परत येतो.

आप्पांनी ते बोट दुमडलं.

मी दुसरं काही देणार तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली, मागच्या बाईनं मला ढकललं, आणि टॉवेल परत आप्पांच्या खांद्यावर गेला. सौदा अर्धा राहिला. गाडी हलल्यावर मी त्याचा अर्थ लावला. मी एक म्हणालो, त्यांनी दुमडलं, म्हणजे एवढ्यात भागत नाही, वाढव. एक वर्ष कमी पडतं, अजून लांब राहा. घरात आण्णा होता, माझा थोरला भाऊ. मेंढरं त्याच्या ताब्यात, रान त्याच्या ताब्यात. मी जास्तीचा. मग राहतो की लांब, असं म्हणून मी पाच वर्षं गावाकडं फिरकलो नाही. त्या दुमडलेल्या बोटाचा राग मी आजवर जपून ठेवला होता.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आण्णाचा फोन. मागच्या महिन्यात त्यानं फोन केला आणि खुशाली विचारायच्या आधीच म्हणाला, "मायाप्पा, हळदीचा परदेशी सौदा शालननं केला म्हणं. मग तू काय करत हुतास रं? च्या आणून देत हुतास व्हय?" मागं दोघं-तिघं हसल्याचं ऐकू आलं. शालन माझी बायको. तिच्या बहिणीनं ही बातमी माहेरात सांगितली आणि तिथून ती अख्ख्या पंचक्रोशीत गेली. तेव्हा जतेत राहिलेल्यांनी आणि माझ्यासारखं जत सोडून सांगली, पुणे, कुठं कुठं गेलेल्यांनीही नीट ऐकावं. शालनला मी तिचा वाटा द्यायला तयार आहे. रुपयातले चार आणे. त्यावर बोलणी होऊ शकतात, पण सुरुवात चार आण्यांनी.

सांगलीत मी पहिल्यांदा पोती उचलली. मार्केट यार्डात हळदीचा वास अंगात इतका मुरला की अंघोळीचं पाणीसुद्धा पिवळं व्हायचं. पाण्याचंच सांगायचं तर, आमच्याकडं टँकर आला की घागरी घेऊन पळायचं, आणि इथं सार्वजनिक नळ नुसता वाहताना दिसायचा. मी हातातलं पोतं टाकून धावत जायचो आणि नळ बंद करायचो. हमाल हसायचे, "आला बघा जतचा वॉटर सप्लाय." आज माझं स्वतःचं दुकान आहे, गोदाम आहे, तरी कुणाच्याही घरी नळ गळत असला की माझं बोलण्यात लक्ष लागत नाही.

पोत्यांवरून मी काट्यावर गेलो, काट्यावरून सौद्यात. भाव पाडायला आणि चढवायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. यार्डातले जैन व्यापारी साखरेत घोळून बोलायचे आणि मी भांडल्यासारखा, पण माल माझ्याकडं यायचा. भांडणारा माणूस फसवत नाही असं शेतकऱ्याला वाटतं. माझी सगळी हत्यारं मात्र एकाच घाटाची. "कमी न्हाई व्हायाचं का?" "आजचा भाव तुला कळला न्हाई व्हय?" सीमेवरचा शेतकरी आला तर कन्नडमध्ये, "कोडूदिल्लेन?" म्हणजे देणार नाहीस का? सगळं नकारातून विचारायचं. सरळ 'देतोस का' म्हटलं की आपली गरज उघडी पडते. 'देणार नाहीस का' म्हटलं की समोरच्याला उगाच आपलंच काही चुकलंय असं वाटतं. माझा निम्मा धंदा या 'न्हाई का'वर उभा आहे.

आणि नेमकं तेच मला इंग्रजीत जमेना.

इंग्रजी लागायचं कारण हे. तीस वर्षं मी उत्तम राजापुरी हळकुंडं विकली, पण ती परदेशी गेली दुसऱ्याच्या नावानं. माल माझा, पोत्यावर शिक्का मुंबईच्या कुणाचा. गेल्या वर्षी सगळे कागद करून घेतले, परवाना काढला, आणि हॉलंडमधल्या एका मसाल्याच्या कंपनीच्या खरेदीवाल्या बाईंशी ओळख झाली. त्या मोबाईलवर, चेहरा दाखवून बोलणार होत्या. पहिल्यांदा पोत्यावर माझं नाव जायचं होतं. दुभाष्या ठेवा असं लोक म्हणाले. मी म्हटलं, माझा सौदा मी दुसऱ्याच्या तोंडानं करणार नाही.

विश्रामबागला एक क्लास लावला. एकट्यानं जायची लाज वाटली, पोरांच्यात बसायचं म्हणून. शालनला म्हटलं, "चल गं सोबतीला. तू नुसती बस." ती शाळेत सातवीपर्यंत गेलेली, मी नववीपर्यंत. हा हिशोब लक्षात ठेवा.

मॅडमनी 'न्हाई का'चा धडा घेतला तेव्हा मी सरसावून बसलो, कारण हे माझंच शेत. त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि सांगितलं, आधी मदतनीस क्रियापद, त्याला चिकटलेला नॉट, मग माणूस, मग काम. डोन्ट यू वाँट. कान्ट यू गिव्ह. इझन्ट शी कमिंग. आपण नकार शेपटीला लावतो, ते डोक्याला लावतात. मला म्हणाल्या, "काका, विचारा बघू, तुम्हाला हे नको का?"

मी म्हटलं, "यू नॉट वाँट धिस?"

"काका, हा प्रश्न नाही झाला. हे भांडण झालं."

पोरं हसली. मी परत केलं, "नॉट यू वाँट?" मग "डोन्ट वाँट यू?" मॅडम धीराच्या होत्या. त्या म्हणाल्या, सुटा नॉटही चालतो, डू यू नॉट वाँट, पण मग तो माणसाच्या मागं जाऊन उभा राहतो. मदतनीसाला जोडून घेतला तरच पुढं येतो. माझ्या डोक्यात सगळी मेंढरं एकात एक मिसळली. तेवढ्यात शेजारून शालन हळूच म्हणाली, "डोन्ट यू वाँट धिस?" मॅडमनी टाळ्या वाजवल्या. अख्ख्या वर्गानं वाजवल्या. सोबतीला जोडून आणलेली बाई माझ्या पुढं जाऊन उभी राहिली. मला जाळ लागला, हे मी मोकळेपणानं सांगतो.

पुढं घरात जे सुरू झालं ते वैऱ्यावर येऊ नये. भाकरी थापता थापता विचारायची, "डोन्ट यू वाँट टी?" टॉवेल हातात देत, "हॅवन्ट यू हॅड युवर बाथ?" बीपीची गोळी पुढं ठेवून, "वोन्ट यू टेक युवर टॅब्लेट?" प्रत्येक वाक्य सरळ, मोजून कापल्यासारखं. मी मुद्दाम मराठीत ओरडायचो. एकदा तिची वही चोरून बघितली. पानंच्या पानं भरलेली. डिडन्ट यू सेंट खोडून तिनं स्वतःच डिडन्ट यू सेंड केलं होतं, कारण डिड आलं की पुढचं क्रियापद साधं राहतं. ही चूक मला दाखवली तरी कळली नसती. मी वही जागेवर ठेवली आणि तिनं केलेली आमटी आळणी आहे म्हणून भांडण काढलं. आमटी चांगली होती.

हॉलंडच्या बाईंशी पहिलं बोलणं मी एकट्यानं केलं. दार लावून घेतलं होतं. बाई सावकाश बोलायच्या, त्यांचंही इंग्रजी शिकून घेतलेलं. त्या भावाबद्दल कुरकुरल्या आणि माझ्या तोंडाचं दार उघडलं. "व्हाय यू नॉट टेकिंग? यू नॉट नो राजापुरी?" आवाज यार्डातला लागला. बाईंचा चेहरा फोनमध्ये थोडा मागं गेला. मग त्या हसून म्हणाल्या, "वी विल गेट बॅक टु यू." मी बाहेर येऊन शालनला सांगितलं, परत येते म्हणाली.

शालन म्हणाली, "आवं, म्हंजे येत न्हाईत."

तिचं खरं निघालं. आठ दिवस काही आलं नाही. मग शालननं माझ्या नावानं एक चिठ्ठी लिहिली, मॅडमकडून तपासून घेतली आणि मोबाईलवरून पाठवली. त्यात तिनं विचारलं होतं, वुडन्ट यू लाइक टु ट्राय अ स्मॉल सॅम्पल? थोडा नमुना बघायला आवडणार नाही का? नमुना गेला, तिकडं तपासला गेला, आणि बाईंनी बोलण्याची वेळ दिली. चार आण्यांचे सहा आणे करा. चिठ्ठी तिची होती, पण हळद माझी होती.

वेळ दुपारची होती. दुकानाच्या मागच्या खोलीत टेबल लावलं, फोन डब्याला टेकवून उभा केला. मी म्हटलं, "तू बोल. भाव मी सांगणार." आता सांगणार कसा? बाईंच्या देखत कानात बोलणं बरं दिसलं नसतं. मग मला आमचा बाजार आठवला. टेबलाखाली मी शालनचा हात धरला. फोनमध्ये दिसू नये म्हणून वर टॉवेल टाकला. तिला म्हटलं, "मी जितकी बोटं दाबीन तितके रुपये किलोमागं उतरायचं." तिनं टॉवेलाची कड नीट केली.

बाईंनी आधी मालाचं विचारलं. "इझन्ट देअर एनी ओल्ड स्टॉक इन धिस लॉट?" यात जुना माल नाही ना? मी झटकन मान डोलवून "यस" म्हणणार होतो. आपल्याकडं तसंच म्हणतात, हो, नाही. तिकडं त्याचा अर्थ झाला असता, हो, आहे जुना माल. शालननं माझ्या मनगटाला चिमटा घेतला आणि शांतपणे म्हणाली, "नो, देअर इझन्ट. ओन्ली न्यू क्रॉप." त्या चिमट्यासाठी आठ आणे करतो. निम्मं. त्याच्या वर जायची माझी इच्छा नव्हती.

मग भाव निघाला. बाई म्हणाल्या, जास्त आहे. मी लगेच शालनच्या मुठीत दोन बोटं दिली. दोन रुपये उतर.

शालननं माझी दोन्ही बोटं दुमडली.

मी परत दिली. तिनं परत दुमडली, आणि या वेळी माझा हात तिनं टॉवेलाखाली घट्ट धरून ठेवला. फोनकडं बघून म्हणाली, "डिडन्ट यू लाइक अवर सॅम्पल?" आमचा नमुना आवडला नाही का? आणि गप्प बसली. मीही आयुष्यभर असंच विचारत आलो, पण विचारून गप्प बसणं मला कधी जमलं नव्हतं. मी लगेच पुढचं बोलतो. ती गप्प बसली, मला गप्प बसवलं. बाईंनी कागद चाळले, कुणाला तरी त्यांच्या भाषेत काही विचारलं. मी बोट सोडवायला बघत होतो, ती सोडत नव्हती. शेवटी बाई म्हणाल्या, नमुना चांगला होता. भाव आहे तोच ठेवू.

टॉवेलाखाली शालननं माझ्या तळव्यावर अंगठा दाबला. पक्का.

फोन बंद झाल्यावर आनंद व्हायला हवा होता. माझ्या तोंडून निघालं, "बोटं दुमडायला तुला कुणी शिकवलं?"

"बा बाजाराला निघायच्या आधी माझ्या हातावर भाव करून बघायचा," ती म्हणाली. "घेणाऱ्यानं एवढं दिलं तर काय म्हनू, असं इचारायचा. बाजारात बायकांला कोन नेतंय? पर बाचा निम्मा भाव मी घरातच ठरवायची."

"मला कधी सांगितलं नाहीस ते?"

"तुमी कवा इचारलं?"

तीस वर्षांचा संसार. मी घरात सौद्याच्या गोष्टी सांगायचो आणि ती ऐकून घ्यायची, जसं काही पहिल्यांदाच ऐकतेय. माझ्या हातात एकच विद्या होती, ती तिच्याही हातात होती, आणि वरून इंग्रजी. मला वाटलं होतं, तिला भाषा आली पण सौदा माझाच राहील. त्या दुपारी माझं स्वतःचं असं काहीच उरलं नाही. पोत्यांवर माझं नाव छापून आलं तेव्हाही ते मला तिच्या अक्षरातलं वाटलं.

त्या रागात मी तिच्यापुढं माझी जुनी जखम उघडी केली. म्हटलं, बोटं दुमडलेलं मला सोसत नाही. आप्पांनी स्टँडवर दुमडलं होतं. एक वर्ष म्हटलं तर त्यांना ते कमी वाटलं, लांबच राहा म्हणाले. आप्पा जाऊन आता दहा वर्षं होतील आणि हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

शालन ऐकत होती. मग तिनं विचारलं, "त्यात घेनारा कोन हुता?"

"म्हणजे?"

"बोट दुमडलं की भाव पटला न्हाई, एवढंच. देनाऱ्यानं दुमडलं तर वाढव म्हंतो. घेनाऱ्यानं दुमडलं तर उतर म्हंतो. परत यायचं कबूल कोन करत हुतं? तुमी. म्हंजे देनारं तुमी. अन् पायजे हुतं कुनाला?"

मी टॉवेलाची घडी घालायला लागलो.

"आप्पा घेनारं हुतं," ती म्हणाली. "एक वरीस लय हुतं त्यांला. उतर म्हनत हुतं."

मी आयुष्यभर खरेदीला उभा राहणारा माणूस. टॉवेलाखाली हात गेला की मी घेणारा, हे मी धरूनच चाललो होतो. कुणी मला घ्यायला उभं असेल हे डोक्यातच आलं नाही. सतराव्या वर्षी बोट दुमडलं गेलं तेव्हा सहा महिने म्हणायचं होतं, आणि मी पाच वर्षं दिली. आप्पांनी पुढं कधी हिशोब विचारला नाही. पहिल्यांदा परत गेलो तेव्हा त्यांनी हात पुढं केला होता, हे मला आता आठवतं. मी त्या हातात सांगलीच्या पेढ्यांचा पुडा दिला.

आणि एवढं मोठं उत्तर हिला एका क्षणात कळलं, याचीही मला जळजळ झाली. बाप माझा. बोट माझं.

गाव सुटलं की आपण घराला जागा समजायला लागतो. जतेचं घर, त्यापुढची लिंबाची सावली, आव्वाची चूल. त्यातली चूल गेली, आता गॅस आहे. लिंबही राहिला नाही. सांगलीतल्या माझ्या घराला तीन मजले आहेत, नळाला चोवीस तास पाणी आहे, आणि तिथंही मी बरीच वर्षं पाहुण्यासारखाच वावरलो. आता एवढं कळतं की जिथं आपल्याला घ्यायला कुणीतरी उभं असतं आणि आपण सांगितलेला काळ त्याला जास्त वाटतो, ते घर. आमच्याकडं 'येशील का' असं सरळ कुणी विचारत नाही. 'येणार न्हाईस व्हय?' असंच विचारतात. आण्णा दरवर्षी जत्रेच्या आधी मला तसंच विचारतो आणि मी दरवर्षी तो टोमणा समजून काहीतरी तिखट बोलून फोन ठेवतो.

या वर्षीही त्यानं विचारलं. चहाचा टोमणा मारून झाल्यावर, हसणारी माणसं मागं गेल्यावर, आवाज खाली करून म्हणाला, "मग जत्रंला येनार न्हाईस व्हय?"

तेव्हा मी रागानं फोन ठेवला होता. त्याचं उत्तर इथं देतो. आण्णा, येतो. शालनला घेऊन येतो, आणि जत्रेपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलंय, त्याच्या आधीच येतो. तुझा टॉवेल तयार ठेव. सौदा शालननंच केला, बारा आणे तिचे. राहिलेले चार माझे. त्यातला एक पैसा कमी करणार नाही, कारण हळद मी निवडली होती आणि चहा मी आणला नव्हता.